दोन फुटी प्लँटेड टँकमध्ये कोणते मासे ठेवावेत? आधी पाणी बघा, मग मासे

आधी तुमचा प्रश्न परत एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात वाकडला फ्लॅट, दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, खाली ॲक्वासॉईल (पाण्यातल्या झाडांसाठीची खास माती), त्यात क्रिप्टो, व्हॅलिसनेरिया, थोडं अन्यूबियस आणि लाकडावर जावा फर्न ही झाडं, लावून साधारण महिना झालाय. हँग ऑन फिल्टर (टँकच्या काठावर टांगायचा) आहे, झाडांसाठी सीओटू गॅस नाही, हीटर नाही. पाणी सोसायटीच्या टाकीतलं, म्हणजे कॉर्पोरेशन, बोअर आणि टँकर सगळं एकत्र. दुकानदाराने यादी दिलीय ती अशी, २ एंजल, २ गोल्डफिश, २ निऑन, २ ड्वार्फ गुरामी, २ टायगर बार्ब आणि काच साफ ठेवायला १ सकर. मुलीला गोल्डफिश हवाच आहे. आणि तुम्ही विचारताय की एवढ्या टँकमध्ये एकूण किती मासे बसतील.

मी बरीच वर्षं लोकांना प्लँटेड टँक लावून देतो आणि नंतर त्यांची देखभालही करतो, त्यामुळे हा "किती" वाला प्रश्न कायम येतो. पण माझं स्पष्ट मत आहे की किती हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते, मग एप्रिल-मे मध्ये तुमच्या हॉलमध्ये टँकचं तापमान कुठपर्यंत जातं ते, आणि मग एक जात ठरवायची जी त्या टँकचा मुख्य घोळका असेल. हे तीन ठरले की संख्या आपोआप ठरते. दुकानदाराच्या यादीत ह्यातलं एकही बघितलेलं नाही, फक्त रंग बघून प्रत्येकी एक जोडी दिलीय.

यादीचा निकाल आधी लावतो. गोल्डफिश ह्या टँकमध्ये नको, कारण तो चांगला वाढला तर सात-आठ इंच होतो, दिवसभर घाण करतो आणि कोवळी झाडं खातो, मऊ पानं तर सोडतच नाही, आणि ॲक्वासॉईल उकरून ठेवतो ते वेगळंच. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो पण पूर्ण वाढला की पंखांसकट त्याची उंची तुमच्या टँकमधल्या पाण्याच्या उंचीजवळ जाते, आणि तोंडात मावेल एवढा निऑन तो खातो, रात्री लाईट बंद झाल्यावर खातो म्हणून सकाळी लोकांना वाटतं मासा कुठे गायब झाला. टायगर बार्ब दोनच ठेवले तर ते दुसऱ्यांच्या पंखांना चावे घेत फिरतात, लांब पंखांचे मासे त्यांच्याबरोबर ठेवायचेच नाहीत. आणि सकर. कृपया सकर घेऊ नका. दुकानात दोन इंचाचा असतो, काचेला चिकटलेला बघून मुलांना मजा वाटते, पण तो फूट-दीड फूट वाढणारा मासा आहे आणि मोठा झाला की शेवाळापेक्षा वरून पडणारं खाणंच जास्त खातो. मग टँकमध्ये मावेनासा झाला की लोक नदीत किंवा धरणात सोडून देतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हा सकर येतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, हे सगळं असंच कुणाच्या तरी घरच्या टँकमधून सुरू झालंय. मासा आवरेनासा झाला तर दुकानात परत द्या, ओळखीत कुणाला तरी द्या, पण आपल्या नदीत सोडू नका.

राहिले निऑन आणि ड्वार्फ गुरामी. हे आकाराने बसतात, पण तुमच्या पाण्यात बसतील का हे बघायला लागेल. इथेच खरा मुद्दा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईतल्या लोकांचे व्हिडिओ बघून पुण्यातले बरेच जण मासे निवडतात. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा ह्या जलाशयांतून येतं, ते पावसाचं साठवलेलं पाणी, मऊ म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यामुळे तिथे निऑनसारखे टेट्रा सहज राहतात. पुण्याचं धरणाचं पाणीसुद्धा बऱ्यापैकी मऊ आहे. पण बोअरचं पाणी आपल्याकडे बेसाल्टच्या भेगांमधून झिरपून येतं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर असतं म्हणजे ते जड असतं, पीएचही वर असतो. तुमच्या गिझरच्या कॉईलवर आणि नळाच्या जाळीवर पांढरा थर येत असेल तर तुमच्याकडे बोअरचा वाटा मोठा आहे असं समजा.

त्यातही सोसायटीच्या टाकीचा त्रास असा की पाणी जड आहे एवढंच नाही, ते रोज बदलतं. सोमवारी कॉर्पोरेशनचं आलं तर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा आकडा) १५० दाखवतो, गुरुवारी टँकर टाकला की ६००. मासा जड पाण्यालाही हळूहळू सरावतो, बहुतेक जाती थोड्याफार प्रमाणात सरावतात, पण दर रविवारी ३० टक्के पाणी बदलताना जर प्रत्येक वेळी वेगळंच पाणी पडत असेल तर त्याला सरावायला वेळच मिळत नाही. असे मासे एकदम मरत नाहीत. पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी पंख मिटून एका कोपऱ्यात उभे राहतात, खाणं कमी करतात, मग अंगावर व्हाईट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो आणि आपण औषधं टाकत बसतो, औषधाने झाडंही खराब होतात.

म्हणून पहिलं काम, एक टीडीएस मीटर घ्या, स्वस्तात मिळतो, आणि आठवडाभर रोज सकाळी नळाचं पाणी मोजून लिहून ठेवा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यातून कडकपणा नेमका कळत नाही, त्यासाठी जीएचचं (कडकपणा मोजायचं) थेंबांचं किट मिळतं ते एकदा वापरा. पण पाणी रोज किती हलतंय हे कळायला टीडीएस पुरतो. ५० लिटरचा एक ड्रम बाल्कनीत ठेवा, त्यात पाणी आधीच भरून ठेवा, आरओचं आणि नळाचं मिसळून दर वेळी एकाच आकड्याला आणा, समजा २०० च्या आसपास, आणि तेच टँकला वापरा. कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीन असतो त्यासाठी अँटीक्लोरीन ड्रममध्येच टाका. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळपास नसतातच, मासे आणि झाडं दोघांनाही थोडे लागतात. आणि आरओच्या दुसऱ्या पाईपमधून जे सोडून दिलेलं पाणी येतं ते तर टँकला अजिबात नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक चांगल्या मनाने ते टँकला घालतात आणि मग टेट्रा का टिकत नाहीत विचारतात.

ॲक्वासॉईलचंही एक सांगतो, ती माती पाणी मऊ करते आणि पीएच खाली आणते हे खरं, पण तिची ती ताकद मर्यादित असते. जड बोअरचं पाणी सतत घातलं तर वर्ष दीड वर्ष चालणारी माती काही महिन्यांतच थकते, मग पीएच हळूहळू वर सरकतो आणि आपल्याला वाटतं आपण तर काहीच बदललं नाही.

आता तापमान. तुमच्याकडे हीटर नाही ह्याची काळजी करू नका, वाकडला हिवाळ्यात बंद घरात टँक साधारण २० ते २२ पर्यंत उतरेल, अगदी थंडीच्या आठवड्यात एक छोटा हीटर असलेला बरा, एवढंच. प्रश्न उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात दुपारी पाणी ३० ते ३२ वर जातं, लाईटची उष्णता असेल तर अजून थोडं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, झाडं रात्री ऑक्सिजन सोडत नाहीत उलट घेतात, आणि पीएच वर असेल तर त्याच गरम पाण्यात माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणजे जड पाणी, उन्हाळा आणि गर्दी हे तिन्ही एकत्र आले की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. त्यात रात्री लाईट गेली आणि फिल्टर बंद पडला की संपलं. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असू द्या. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा फॅन लावला तर दोन ते चार अंश उतरतं, पण पाणी वेगाने उडतं, आणि उडालेलं पाणी भरताना आरओचंच घाला, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टँकमध्येच राहतात.

हे लक्षात घेतलं की निऑन टेट्राबद्दल माझं मत काय ते कळेल. निऑनला २१ ते २५ च्या आसपासचं पाणी मानवतं, आपल्या उन्हाळ्यात तो ताणाखाली राहतो. जगतच नाही असं नाही, एसीच्या खोलीत असेल तर छान राहतो. कार्डिनल टेट्रा दिसायला तसाच, फक्त त्याचा लाल पट्टा डोक्यामागून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा अर्ध्यातून सुरू होतो. कार्डिनल गरम पाण्यात जास्त आरामात असतो पण त्याला मऊ पाणी हवं आणि थोडा महाग असतो. ड्वार्फ गुरामीचे नर सुंदर दिसतात, मूळ आपल्याच उत्तरेकडच्या आणि बांगलादेशच्या नद्यांमधला मासा, पण फार्ममध्ये वाढवलेल्या ड्वार्फ गुरामींमध्ये एक विषाणू पसरलेला आहे ज्याला औषध नाही, म्हणून मी नवीन माणसाला तो सुचवत नाही.

मग काय ठेवायचं?

तुमचं पाणी ड्रमवाल्या पद्धतीने २०० च्या आसपास ठेवता येत असेल तर माझी पहिली पसंती एम्बर टेट्रा. जेमतेम दोन सेंटीमीटरचा मासा, गरम पाणी सहन करतो, झाडांना हात लावत नाही. दुकानात पांढऱ्या काचेच्या टाकीत तो फिकट, पारदर्शक, काहीच खास नसलेला दिसतो आणि लोक पुढे निघून जातात. तोच मासा काळ्या मातीवर, हिरव्या क्रिप्टोच्या समोर दोन-तीन आठवडे राहिला की विस्तवासारखा केशरी होतो. पण तो १० ते १२ च्या घोळक्यातच घ्यायचा, आणि इथे मला जोडीबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे दुकानात मासे जोडीच्या भावाने विकतात, "शंभरला जोडी" वगैरे, त्यामुळे घेणाऱ्याच्या डोक्यातही प्रत्येकी दोन बसतं. टेट्रा, रासबोरा, कोरी हे सगळे कळपात राहणारे मासे आहेत. दोन निऑन टँकमध्ये सोडा, ते फिल्टरच्या पाईपमागे जाऊन बसतात, रंग उतरतो, खायलाही इतर गेल्यावर येतात. त्याच टँकमध्ये दहा सोडा, अर्ध्या तासात ते मोकळ्या जागेत येतात, एक वळला की सगळे वळतात, आपसात पंख फुलवून दाखवतात आणि दुसऱ्या कुणाला त्रास देत नाहीत. पाच जातींच्या पाच जोड्या आणि एका जातीचे दहा मासे, फिल्टरवरचा भार जवळपास सारखाच, पण पहिल्या टँकमध्ये दहा घाबरलेले जीव असतात. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की छोट्या टँकमध्ये एकच घोळका ठेवा आणि तो भरघोस ठेवा.

एम्बरच्या जोडीला खाली फिरणारा एक छोटा गट चालेल, सहा पिग्मी कोरी, ते अडीच सेंटीमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत. मिळाले नाहीत तर ती जागा रिकामी राहू दे, त्याऐवजी मोठे कोरी आणून गर्दी करू नका. पांडा कोरी तर नकोच, त्याला थंड पाणी लागतं. कोरी मधेच वेगाने वर येऊन हवेचा घोट घेऊन परत खाली जातात, ते बघून घाबरू नका, आतड्यातून हवा वापरायची त्यांची सोय आहे, दिवसातून काही वेळा करणारच. मात्र सारखे सारखे वर जायला लागले तर पाणी तपासा.

आणि एक ठळक मासा हवा असेल तर हनी गुरामीची एक नर-मादी जोडी. हा पण आपल्या पूर्व-ईशान्य भारतातला मासा, चार-पाच सेंटीमीटरचा, स्वभावाने शांत. दुकानात भुरकट दिसतो. घरी रुळला आणि नर रंगात आला की अंग मधासारखं पिवळं आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळसर निळा पट्टा, पाण्यावर तरंगणाऱ्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. तो समोरच्या दोन बारीक मिशांसारख्या पंखांनी प्रत्येक पान, प्रत्येक दगड चाचपत फिरतो, तुमच्या मुलीला गोल्डफिशपेक्षा ह्याच्याकडे बघायला जास्त मिळेल असं मला मनापासून वाटतं. गुरामी वर येऊन हवा घेतो म्हणून टँकवर काच किंवा जाळी ठेवा पण वर बोटभर मोकळी हवा राहू द्या.

आता दुसरी शक्यता, की तुम्हाला ड्रम, आरओ हे जमणार नाही आणि नळाचं जड पाणीच वापरायचंय. त्यात काही कमीपणा नाही, फक्त मासे त्या पाण्याचे निवडा. गप्पी, एंडलर, प्लॅटी ह्यांना जड पाणीच आवडतं. आपल्याकडे आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खायला टाक्यांत सोडतो तोच गप्पी, त्याचे हे रंगीत भाऊबंद. फक्त एक अट, सगळे नरच घ्या, आठ-दहा. मादी घेतली तर दर महिन्याला पिल्लं देते, आणि एकदा नराशी संबंध आला की पुढे काही महिने नर नसतानाही देत राहते, म्हणजे दुकानातून एकटी मादी आणली तरी ती रिकामी नसतेच. सहा महिन्यांत ५० लिटरमध्ये उभं राहायला जागा उरत नाही. मॉली पण जड पाण्याचा आहे पण तो मोठा होतो, दोन फुटात नको.

फायटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण पुढचा प्रश्न तोच असतो. एकटा फायटर प्लँटेड टँकमध्ये फार छान राहतो, पण रंगीत शेपटीच्या गप्पींबरोबर नको, त्यांना तो दुसरा फायटर समजून अंगावर जातो. आणि हँग ऑनच्या धारेचा जोर त्याच्या लांब पंखांना झेपत नाही, तिथे स्पंज बांधून धार मंद करावी लागते.

शेवाळासाठी सकरऐवजी दोन-तीन नेराइट गोगलगायी घ्या, त्या काच खरंच साफ करतात, अंडी पांढरी ठिपक्यांसारखी घालतात पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं होत नाहीत. ऑटोसिंक्लस हा मासा उत्तम आहे पण महिन्याभराच्या टँकमध्ये त्याला खायला शेवाळच नसतं, चार-सहा महिन्यांनी विचार करा. चेरी श्रिम्प टाकायचे असतील तर मासे यायच्या आधी टाका, जावा फर्नच्या मुळांत थोडी मॉस लावा, त्यात पिल्लं लपतात.

आता तुमचा मूळ "किती". ६० बाय ३० बाय ३० म्हणजे हिशेबाने ५४ लिटर, पण माती, लाकूड आणि वरची रिकामी जागा काढली की खरं पाणी ४२-४५ लिटरच असतं. त्यात १२ एम्बर, ६ पिग्मी कोरी आणि २ हनी गुरामी ही माझ्या मते वरची मर्यादा, झाडं चांगली वाढत असतील आणि दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तरच. एका गॅलनला एक इंच मासा हा नियम सोडून द्या, त्या नियमाने आठ इंचाचा एक गोल्डफिश आणि एक इंचाचे आठ एम्बर सारखेच होतात, प्रत्यक्षात गोल्डफिशचं वजन आणि घाण कितीतरी पट असते.

आणताना सगळे एकदम आणू नका. तुमचा टँक महिन्याचा आहे, ॲक्वासॉईल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, म्हणून आधी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आहेत ना बघा. मग सहा एम्बर, दोन आठवड्यांनी परत तपासून उरलेले सहा, मग कोरी, गुरामी सगळ्यात शेवटी म्हणजे तो जागा बळकावून बसत नाही. दुकानात मासे निवडताना दुकानदाराला सांगा की माझ्यासमोर थोडं खाणं टाका. जो धावत येतो तो घ्या. पोट आत गेलेला, पंख मिटलेला, एकटा कोपऱ्यात असलेला घेऊ नका, आणि त्या टाकीत एकही मेलेला मासा दिसला तर त्या दिवशी त्या टाकीतलं काहीच घेऊ नका. रंग टोचलेले विडो टेट्रा आणि "शार्क" म्हणून विकतात तो मासा, दोन्ही टाळा, तो शार्क म्हणजे पंगास, मीटरभर वाढतो.

खाणं देताना एम्बरचं तोंड फार छोटं असतं, फ्लेक बोटांत चुरून अगदी पूड करून टाका, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

तर आता तुम्ही आठवडाभराचे टीडीएसचे आकडे आणि एकदा जीएच मोजून इथेच टाका, सोबत दुपारी चारच्या सुमाराचं पाण्याचं तापमानही. आकडे रोज खूप हलत असतील आणि ड्रम ठेवायला जागा नसेल तर नर एंडलरवर जाऊ, नाहीतर एम्बर पक्के, आणि मग कोरी किती घ्यायचे ते तुमचा फिल्टर तासाला किती लिटर पाणी फिरवतो ते बघून सांगतो.